चौकडी

शनिवारी अकराला बोलिंग ग्रीन उघडणार,
हंगामाचा पहिला बोल मी टाकायचा, डूगलच्या किल्टमध्ये,
असं ईशबेलनं ठरवलंय. म्हणजे ठरलंय.
पलंगावर किल्ट पसरलाय:
आठ वार लोकर, नऊवारीला एक वार कमी,
निऱ्या सगळ्या पाठीमागे, कासोटा नाही,
डांबरगोळ्यांचा वास, आणि त्याच्याही खाली
आर्ब्रोथच्या धुरावलेल्या हॅडॉकचा, जो या गावात
पडद्यांतून जात नाही, कपड्यांतून जात नाही,
माणसांतूनही नाही.

आता याच्यावर शर्ट कुठला?

खांबेटे हे नाव त्याच्या जिभेवर बसेना.
पहिल्याच दिवशी म्हणाला, तू मूळचा कॅम्बल असणार,
वाट चुकून फार लांब गेलेला.
आणि कॅम्बलांशी आमच्या घराण्याचं
तीनशे वर्षांचं वाकडं आहे,
तेव्हा बस. चहा घे.
तो चहा सव्वीस वर्षं चालला.
विली, इयन, डूगल आणि मी,
हिरवळीच्या कडेचा बाक, आणि आमची चांडाळ चौकडी.
एकदा म्हटलं, घालून तरी बघू दे तुझा किल्ट.
"कॅम्बलला? माझ्या मेल्यावर."

फेब्रुवारीत गेला.
बिलाच्या पाठीवर लिहून ठेवलं होतं: किल्ट कॅम्बलला.
शब्दाचा पक्का माणूस.

तर शर्ट.
पांढरा आहे, पाणी खात्यात तीस वर्षं इस्त्री खाल्लेला,
बारशाला चालतो, मयताला चालतो.
घातला. कुंदा दारातूनच म्हणाली,
"दोन सूप आणा, आणि पाव जरा गरम करून."
काळ्याला ईशबेलची सक्त मनाई.
निनादनं लीड्सहून पाठवलेला, गळ्याशी नाड्या, घेरदार बाह्या:
आरशात एक समुद्री चाचा
चष्मा लावून
ब्लडप्रेशरच्या गोळीची वेळ बघत उभा.
निळ्या चौकडीचा? चौकडीवर चौकडी,
एका नळावर दोन शेजारणी.
लेकीच्या लग्नातला रेशमी काढला,
तर बटणं आणि पोट यांच्यातली बोलणी फिसकटली.

राहिला तो हळदीच्या रंगाचा.
तो दिसला की डूगल लांबूनच ओरडायचा,
"आज पुन्हा करी सांडली का रे अंगावर?"
मी मुद्दाम घालायचो.
हरायची चिन्हं दिसली की हमखास.

हा तर नकोच, म्हणून बाजूला भिरकावला
आणि तो पडला नेमका किल्टवर.
चष्मा कपाळावरून खाली घेतला मी.
लाल, हिरवा, काळपट निळा,
आणि त्यांच्या मधून जाणारी
एक पिवळी रेघ. दोऱ्याएवढी.
सव्वीस वर्षं शेजारी बसून
मला दिसली नव्हती.
त्याला ठाऊक असणार. घरचीच होती.

"हा?" कुंदा म्हणाली. "कॉलर विरलीये याची."
हाच.
"दुसरं बटणही नाहीये."
सुईदोरा घेऊन आली. अंगावरच शिवते म्हणाली,
अंगावर शिवताना तोंडात काडी धरावी,
म्हणून दात कोरायची काडी दिली.
किल्टच्या आत काय, हे या देशात कुणी कुणाला विचारत नाही.
तिनं विचारलं.
मग स्वतःच कपाटातून थर्मल काढून ठेवली.

तोंडात काडी, त्यामुळे मी गप्प.
कमरेखाली आठ वार त्याचं घराणं,
वर माझी हळद,
गुडघे आत्ताच गार पडलेत.
बोल सरळ टाकलास तर पोचणार नाही, तो शिकवायचा,
त्याचं एक अंग जड असतं,
वाकडा सोड, येईल आपसूक.

कुंदा दातानं दोरा तोडते.
"फार वाकू नकोस पण," म्हणते,
"समुद्राकडून वारा आहे."